गोष्टीतला कावळा आणि बरणीतले पाणी

मराठी बालवाङ्मयाचा विचार करताना आपल्याकडील समीक्षक बहुधा दोन प्रश्नांपाशी थांबतात. ते वाङ्मय मुलांचे मनोरंजन करते काय, हा पहिला. आणि ते मुलांवर काही संस्कार करते काय, हा दुसरा. ह्या दोहोंची समाधानकारक उत्तरे मिळाली की पुस्तकावर 'पाहिले' असा शेरा पडतो आणि प्रकरण हातावेगळे होते. कचेरीत आयुष्य कंठणाऱ्या आम्हांस ही रीत चांगलीच परिचयाची आहे. परंतु कचेरीचा अनुभव असाही आहे की, ज्या कागदाची पडताळणी कोणी केली नाही, नेमका तोच कागद पुढे घोटाळा करतो. म्हणून बालवाङ्मयाला तिसरा एक प्रश्न विचारावा असे आम्हांस वाटते : गोष्ट ऐकून झाल्यावर मुलाचे हात काही करू लागतात काय?

हा प्रश्न आम्ही पहिल्या-दुसऱ्या इयत्तेतील, म्हणजे सहा ते आठ वर्षांच्या मुलांपुरताच विचारीत आहोत. ह्या वयात गोष्ट आणि वस्तू ह्यांच्यामध्ये भिंत नसते. मूल गोष्टीतल्या कोल्ह्याविषयी ज्या गांभीर्याने बोलते, त्याच गांभीर्याने अंगणातल्या मुंगीविषयीही बोलते. गोष्ट आणि प्रयोग ह्यांची सांगड घालावयाची तर ती येथेच घालता येईल. ती कशी घालावी, आणि विशेषतः कशी घालू नये, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

आमच्यावर हा विषय एका बरणीने लादला. आमची कन्या दुसऱ्या इयत्तेत असताना शाळेत तहानलेल्या कावळ्याची गोष्ट झाली. घरी आल्यावर तिने मोरंब्याची रिकामी काचेची बरणी घेतली, तीत पाव भाग पाणी ओतले आणि आवारातून खडे वेचून आणून एकेक आत टाकण्यास आरंभ केला. खडे बरणीच्या काठाला आले. पाणी मात्र खड्यांच्या खालीच राहिले. तिने थोडा वेळ वाट पाहिली, पाणी हलेना. मग ती आमच्याकडे आली आणि म्हणाली, "बाबा, मग तो कावळा तहानलेलाच राहिला का?"

पदवी पदरी असूनही ह्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस तत्काळ देता आले नाही, हे कबूल केले पाहिजे. दुसऱ्या दिवशी तिने शाळेत विचारले. तेथे उत्तर मिळाले की, गोष्ट ही गोष्ट असते. चाळीस मुलांचा वर्ग सांभाळणाऱ्या बाईंना दोष देण्याचा आमचा हेतू नाही. त्यांच्या जागी आम्ही असतो तर आम्हीही हेच म्हटले असते. परंतु त्या एका वाक्याने गोष्ट आणि बरणी ह्यांची ताटातूट झाली. गोष्ट एका कप्प्यात गेली, अनुभव दुसऱ्या कप्प्यात. आपल्या शिक्षणातील पुष्कळशी दुर्दशा ह्या दोन कप्प्यांतून उद्भवली आहे, असे आमचे मत आहे.

वस्तुतः त्या बरणीत घडले ते समजण्यास फारशा विद्वत्तेची गरज नव्हती. सारख्या आकाराचे खडे भांड्यात ओतले, तर भांड्याची सुमारे तीन पंचमांश जागा खडे व्यापतात आणि सुमारे दोन पंचमांश जागा त्यांच्या फटींत मोकळी राहते. पाणी प्रथम ह्या फटी भरीत चढते. तेव्हा सरळ उभ्या बरणीत आरंभीचे पाणी दोन पंचमांशांहून कमी असेल, तर खडे काठाला लागले तरी पाणी काठाला लागत नाही. अर्धी बरणी पाणी घेतले, की तोच प्रयोग साधतो. कावळ्याची चोच थोडी आत जाते एवढी सवलत त्याला द्यावी. पण हिशेब हाच. म्हणजे इसापाची गोष्ट खोटी नव्हे. ती सशर्त खरी आहे. आणि ती अट शोधून काढण्याचा आनंद गोष्टीच्या आनंदाहून तिळभरही कमी नाही, हे आम्ही पुढील आठ दिवस आमच्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर पाहिले. खड्यांच्या फटींत बारीक वाळू घातली तर काय होते, हेही झाले. विटेचे तुकडे टाकले तेव्हा पाण्यातून बुडबुडे आले. कन्येने निर्णय दिला की, कावळ्याच्या आधी वीटच पाणी पिते. हा निर्णय आम्हांस कोणत्याही तात्पर्यापेक्षा मोलाचा वाटला.

ह्या इसापाचा आणि आपणा परमुलखात राहणाऱ्या मराठी मंडळींचा जुना ऋणानुबंध आहे. मराठीत इसापाच्या गोष्टी प्रथम छापल्या गेल्या त्या पुण्यास नव्हेत आणि मुंबईसही नव्हेत, तर तंजावरास. सरफोजीराजांनी सख्खन पंडितांकडून करवून घेतलेले 'बालबोधमुक्तावली' हे भाषांतर १८०६ सालचे. मराठी मुलांसाठी मुद्रित झालेल्या पुस्तकांचा आरंभ बहुधा येथूनच धरतात. मुंबईस सदाशिव काशीनाथ छत्रे ह्यांनी केलेला इसापाचा अनुवाद त्यानंतर सुमारे वीस वर्षांनी, १८२८ मध्ये निघाला. सरफोजीराजे ग्रंथसंग्राहक होते, तसेच वैद्यक आणि शारीरशास्त्र ह्यांचेही जिज्ञासू होते. गोष्ट आणि शास्त्र ह्यांचा शेजार त्या दरबारात निर्माण झाला होता. दुर्दैवाने पुढील मराठी परंपरेने त्यातील गोष्ट उचलली आणि तिला तात्पर्य जोडले. जिज्ञासा मात्र तंजावरासच राहिली. तात्पर्य हे गोष्टीच्या दाराला लावलेले कुलूप आहे. 'युक्तीने कार्य साधते' असे एकदा खाली छापले, की ती युक्ती खरोखर साधते काय हे विचारण्याचे कारणच उरत नाही.

ते विचारण्याचे काम शेवटी शास्त्रज्ञांना करावे लागले. २००९ साली इंग्लंडमधील ख्रिस्तोफर बर्ड आणि नेथन एमरी ह्या संशोधकांनी कावळ्याच्याच कुळातील रूक नावाच्या चार पक्ष्यांपुढे पाण्याची उभी नळी ठेवली. पाण्यावर एक अळी तरंगत होती, परंतु ती चोचीच्या टप्प्याबाहेर होती. पक्ष्यांनी खडे टाकून पाणी वर आणले आणि अळी मिळविली. लहान खड्यांपेक्षा मोठे खडे अधिक उपयोगी पडतात हे त्यांना कळू लागले. नळीत पाण्याऐवजी भुसा असला तर खडे टाकण्यात अर्थ नाही, हेही त्यांनी लौकरच जाणले. ह्या संशोधकांनी गोष्टीचा उपयोग कसा केला हे पाहण्याजोगे आहे. त्यांनी तिचे तात्पर्य काढले नाही, तिची थट्टाही केली नाही. त्यांनी तिच्यावर विश्वास ठेवून तिला प्रश्न विचारला. आमच्या कन्येने मोरंब्याच्या बरणीपाशी केले ते ह्याहून निराळे नव्हते. फरक इतकाच की, त्यांना कोणी 'गोष्ट ही गोष्ट असते' असे सांगितले नाही.

ह्यावरून गोष्ट आणि प्रयोग ह्यांची सांगड घालण्याची कसोटी आम्हांस अशी दिसते : प्रयोगाला गोष्टीशी उलट बोलण्याची मुभा असली पाहिजे. ही मुभा नसेल, तर सांगड दोन प्रकारे बिघडते.

पहिला प्रकार साखरेच्या वेष्टनाचा. हल्ली निघणाऱ्या पुष्कळशा तथाकथित विज्ञानकथांत सूर्यकाका येतात, ढगमामा येतात, पाण्याचा एक थेंब प्रवासास निघतो, आणि प्रत्येकजण मुलांना बाष्पीभवनाची व्याख्या ऐकवितो. येथे गोष्ट ही कडू गोळीवरची साखर असते. मुले साखर चाटतात आणि गोळी बाजूला ठेवतात. आणि ते योग्यच करतात, कारण ज्या थेंबाला पुढे काय होणार हे पहिल्याच पानावर ठाऊक आहे, त्याच्या प्रवासात रस कसा वाटावा? अशा पुस्तकांत ना वाङ्मय असते, ना विज्ञान. दुसरा प्रकार ह्याच्या उलट. गोष्ट चांगली असते, पण तिच्या शेवटी 'करून पाहा' असे म्हणून एक कृती चिकटवलेली असते, आणि त्या कृतीचे उत्तर गोष्टीने आधीच देऊन ठेवलेले असते. मूल ती कृती करते ती केवळ गोष्टीची साक्ष काढण्यासाठी. साक्ष जुळली तर गुण मिळतात. न जुळली तर मुलाचे चुकले असे ठरते.

खरी सांगड कशी असते हे पाहण्यासाठी परदेशी जाण्याचे कारण नाही. मराठी घरात मुलाच्या कानावर पडणारी बहुधा पहिलीच गोष्ट काऊ-चिऊंच्या घरांची असते. काऊचे शेणाचे घर पावसात वाहून जाते आणि चिऊचे मेणाचे घर टिकते, ही तिची मांडणी म्हणजे, नीट पाहिले तर, एक संपूर्ण प्रयोग आहे : दोन पदार्थ, एक पाऊस, आणि दोन निराळे परिणाम. आजवर तिच्यातून आपण शिकविले काय? तर चिऊ शहाणी आणि काऊ आळशी. घरे कशाची होती ह्याकडे कोणी पाहिलेच नाही.

आम्ही ते पाहिले. एका गोवरीचा तुकडा भिजवून त्याचे घर केले, मेणबत्त्यांच्या उरलेल्या तुकड्यांचे दुसरे केले, आणि कन्येच्या हाती झारी दिली. शेणाचे घर भिजले, सुटले आणि वाहून गेले. मेणावरून पाणी ओघळून गेले. थेंबांचे मणी झाले. गोष्ट खरी ठरली. परंतु आमचा मुक्काम दिल्लीस, आणि दिवस मे महिन्याचे. मेणाचे घर गच्चीवर राहून गेले. दुपारी पाहतो तो चिऊचे घर मऊ पडून कलंडलेले! शेजारी वाळत घातलेले शेणाचे नवे घर मात्र उन्हाने टणक झाले होते. कन्येने लगेच गोष्ट पुढे रचली : उन्हाळ्यात चिऊ काऊच्या दारी येते आणि आत घेण्याची विनंती करते. एवढ्यावरही हे थांबले नाही. गावी आजीला विचारणा झाली, तेव्हा आजीने सांगितले की, शेणात माती आणि भुसा कालविला तर भिंत पावसातही बराच वेळ तग धरते; तिच्या लहानपणी घराच्या भिंती अशाच लिंपीत असत. मग खऱ्या चिमणीचे घर कशाचे असते, असा प्रश्न निघाला. चिमणी गवताच्या काड्या भिंतीतल्या भोकात कोंबते, कावळा झाडावर काटक्यांचे घरटे बांधतो. शेण आणि मेण हा मनुष्याने गोष्टीत घातलेला पदार्थ आहे, हेही कळले. गोष्टीचे ह्यात काही बिघडले काय? आमच्या मते ती पूर्वीपेक्षा मोठी झाली. तिला दुसरा ऋतू मिळाला.

येथे एका गंभीर आक्षेपाचा विचार केला पाहिजे. गिजुभाई बधेका ह्यांनी १९२० साली भावनगरास दक्षिणामूर्ती बालमंदिर काढले. 'दिवास्वप्न' ह्या त्यांच्या पुस्तकातील शिक्षक शांततेचा खेळ फसल्यावर चौथीच्या दंगेखोर वर्गाला गोष्टींनीच आपलेसे करून घेतो. अशा ह्या गोष्टीवेल्हाळ गुरूचे म्हणणे असे की, गोष्ट आनंदासाठी सांगावी; तिला उपदेशाच्या किंवा माहितीच्या गाड्यास जुंपू नये. मग आम्ही तिला प्रयोगाच्या गाड्यास जुंपीत आहोत काय? आक्षेप खरा आहे, आणि वर सांगितलेल्या दोन्ही बिघाडांना तो पूर्णपणे लागू पडतो. परंतु आमच्या बरणीला तो लागत नाही. कारण तेथे प्रयोग गोष्टीच्या पाठीवर लादलेला नव्हता, तो गोष्टीतून आपोआप उगवला. ज्या गोष्टीतून उगवणार नाही, तिच्यावर लादू नये. परीची गोष्ट ऐकून मुलाने तिचे पंख मोजावेत असा आग्रह धरणारा मनुष्य विज्ञानाचाही मित्र नव्हे. शिवाय गिजुभाईंच्या सहकारी ताराबाई मोडक ह्यांचे उदाहरण डोळ्यांपुढे आहे. मराठी घरातील ह्या विदुषीने भावनगरास हे शिक्षण उभारण्यास हात लावला, आणि पुढे बोर्डी व कोसबाड येथे, अनुताई वाघ ह्यांच्यासह, आदिवासी मुलांसाठी बालशाळा चालविल्या. तेथे पाने, बिया, खडे, शिंपले हीच साधने होती, आणि त्यांच्याच जोडीला गाणी आणि गोष्टी होत्या. गोष्ट आणि गारगोटी एकाच अंगणात सुखाने नांदू शकतात, ह्याचा हा पुरावा.

शाळांच्या पाठ्यपुस्तकांकडे वळले तर चित्र संमिश्र दिसते. केंद्र सरकारच्या नोकरांची मुले बहुधा राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेची पुस्तके वापरतात. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने पहिली-दुसरीस परिसर अभ्यासाचे वेगळे पुस्तक न ठेवता तो भाषा आणि गणित ह्यांतूनच शिकवावा असे ठरविले. पायाभूत टप्प्याच्या २०२२ च्या आराखड्यानेही ह्या इयत्तांसाठी भाषा आणि गणित एवढीच पुस्तके ठेविली. ह्याचा अर्थ फार थोड्यांच्या ध्यानात येतो. ह्या दोन वर्षांत विज्ञानाची जी काही ओळख व्हावयाची, ती भाषेच्या पुस्तकातील गोष्टीतून आणि कवितेतूनच व्हावयाची! म्हणजे गोष्ट आणि प्रयोग ह्यांची सांगड हा काही उत्साही शिक्षकांचा छंद नसून ती अधिकृत व्यवस्था आहे. भाषेचा तास घेणारे जर गोष्टीवरून शब्दार्थ आणि शुद्धलेखन एवढेच करून घेतील, तर मुलाची दोन वर्षे वस्तूंना न शिवताच जातील.

तिसरीपासून पुढे 'आस-पास' ही पुस्तके २००६ सालापासून होती. तिसरीचे पुस्तक २०२४ मध्ये 'हमारा अद्भुत संसार' ह्या नव्या पुस्तकास जागा देऊन गेले. 'आस-पास'चा तिसरीचा पहिला पाठ आम्हांस ह्या दृष्टीने नमुनेदार वाटतो. आजारी असल्यामुळे शाळेस न गेलेली पूनम घराबाहेर बसून भोवतालचे प्राणी पाहते, एवढीच ती कथा. कोणी काका येऊन व्याख्या सांगत नाही. पूनम पाहते, म्हणून वाचणारे मूलही उठून पाहू लागते. ह्याहून अधिक काय हवे?

मोठ्या मुलांच्या बाबतीत मध्य प्रदेशातील होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमाने हाच विचार निराळ्या रीतीने राबविला. १९७२ साली सोळा शाळांत सुरू झालेला हा कार्यक्रम सहावी ते आठवीसाठी होता. २००२ साली शासनाने तो बंद केला. त्याच्या 'बाल वैज्ञानिक' ह्या पुस्तकांत आयत्या उत्तरांऐवजी प्रयोग आणि प्रश्न होते. परंतु आम्हांस त्यातील सर्वांत वाङ्मयीन गोष्ट वाटते ती म्हणजे 'सवालीराम'. सवालीराम हे एक कल्पित पात्र. मुले त्याला पत्र लिहून मनातले प्रश्न विचारीत, आणि त्यांना उत्तरे येत. एका काल्पनिक मनुष्याने खेड्यापाड्यांतील मुलांकडून खरे प्रश्न काढून घेतले. बालवाङ्मयाने विज्ञानाची सेवा करावयाची ती अशी.

राहिला प्रश्न साधनांचा. वर्ग मोठे, वेळ थोडा, अभ्यासक्रम पुरा करावयाचा, ही शिक्षकांची अडचण आम्ही खरी मानतो. परंतु सहा वर्षांच्या मुलाच्या प्रयोगास प्रयोगशाळा लागत नाही. अरविंद गुप्ता ह्यांनी काड्यापेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी आणि टाकाऊ वस्तू ह्यांतून खेळणी करून हे जन्मभर दाखविले. पुण्याच्या आयुका संस्थेतील मुलांच्या विज्ञानकेंद्रात त्यांनी २००३ ते २०१४ ह्या काळात काम केले. बरणी, खडे आणि पाणी एवढ्यांत चाळीस मुलांच्या वर्गाचा तास सहज निघेल. अट एकच : पाणी वर आले नाही, तर शिक्षकाने घाबरू नये.

आता आपल्या घरच्या प्रश्नाकडे. आपण बदलीवर फिरणारी माणसे. आपली मुले शाळेत हिंदीत किंवा इंग्रजीत शिकतात, आणि मराठी उरते ती घरात. आम्ही मराठी मंडळात एकत्र जमतो, गणेशोत्सव करतो, मुलांकडून श्लोक म्हणवून घेतो, आणि भाषा टिकली असे समजतो. आम्हांस ह्याची शंका वाटू लागली आहे. मुलाने जिच्यात कधी प्रश्नच विचारला नाही, ती भाषा त्याची सणासुदीची भाषा होते. विचारांची होत नाही. मेणाच्या घराच्या वेळी कन्या प्रथम म्हणाली की, मेण विरघळले. आम्ही मिठाचा खडा पाण्यात टाकून दाखविला : हे विरघळणे. मेण उन्हाने झाले ते वितळणे. आणि शेणाचे झाले ते दोन्ही नव्हे. ते भिजून सुटले. त्यानंतर झिरपणे, मुरणे, पाझरणे, निथळणे हे शब्द एकेका भांड्यासह घरात आले. कोशातून ते आले असते तर आठवड्याने गेले असते. हातातून आले म्हणून राहिले. आपल्या आजी-आईच्या मराठीत पाण्याच्या हालचालींना किती काटेकोर नावे आहेत, हे आम्हांलाही त्या निमित्ताने प्रथमच उमगले.

म्हणून आमची विनंती दुहेरी आहे. मुलांसाठी लिहिणाऱ्यांनी तात्पर्याची ओळ गाळावी, आणि गोष्टीत एखादी तरी वस्तू अशी ठेवावी की, जी मुलाला घरात सापडेल आणि जी लेखकाच्या सांगण्याबाहेर वागू शकेल. आपल्यासारख्या पालकांनी रात्री गोष्ट सांगितल्यावर दुसऱ्या दिवशी तिच्यातले भांडे मुलाच्या हाती द्यावे, आणि जे घडेल त्याविषयी मराठीत बोलावे. गोष्ट खरी ठरली तर आनंद आहेच; खोटी ठरली तर दुप्पट आनंद मानावा.

आमच्या कन्येच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही अखेर दिले नाही, तिनेच दिले. तिच्या मते तो कावळा तहानलेला राहिला नाही. त्याने आधी पुष्कळ रांजण पाहिले, आणि ज्यात अर्ध्याहून अधिक पाणी होते, त्यातच खडे टाकले. इसापाच्या कावळ्यापेक्षा हा कावळा आम्हांस अधिक शहाणा वाटतो.